तुमच्याशिवायचा हंगाम

बाबा,

हे पत्र मी पाठवणार नाही. फोनवर नेहमी तुम्हीच बोलता, म्हणून एकदा सलग लिहून बघतो.

मार्चमध्ये तुम्ही आमचं कॉलेज सोडून टेक्सासच्या बड्या विद्यापीठात अमेरिकन फुटबॉलचे कोच झालात आणि आमचे चांगले खेळाडू सोबत नेलेत. मला म्हणालात, "डेक्स्टर, तू कॅन्ससातच बरा. तिथे नुसता बाकावर बसशील." गावातही सगळे म्हणाले, आता इथला फुटबॉल संपला.

सुरुवातीचे सामने आम्ही सपाटून हरलो. मग हळूहळू सूर सापडला आणि आम्ही थेट अंतिम सामन्यात पोचलो.

काल आम्ही चार गुणांनी मागे होतो. शेवटची एकच संधी होती आणि गोलरेषा तीन यार्डांवर; चेंडू घेऊन ती ओलांडली की सहा गुण आणि विजेतेपद आमचं. तुमच्या जागी आलेल्या प्रुइट सरांनी मला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला, जवळ बोलावलं.

"काय करूया रे, लेका?"

बाबा, लहानपणापासून तुमच्या हाताखाली खेळलो, पण असं मला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"चेंडू फेकत नाही. मीच घेऊन पळतो," मी म्हणालो.

आमचा धिप्पाड लमार हसला. "माझ्या पाठीला चिकटून ये. समोरच्या पोरांची भिंत फोडायचं काम माझं."

त्याने खरंच फोडली. चेंडू छातीशी धरून मी रेषेपलीकडे कोसळलो, आणि अख्खं गाव मैदानात उतरलं.

गर्दीतून आई फोन उंचावत ओरडली, "बाबांचा फोन आहे, खाली ये!"

मी पोरांच्या खांद्यावर होतो. "त्यांना म्हणावं, जरा थांबा!"

मला उतरायची अजिबात घाई नव्हती.

तुमचा,
डेक्स्टर
मिल फोर्क कॉलेजचा क्वार्टरबॅक