पत्र्याच्या शेडमधला शनिवार

तीर्थरूप (संताप कितीही असला तरी तीर्थरूपच) एल्मारमामा यांना, भाची मारितचा ऑस्ट्रेलियातून घुश्शातला नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मधमाश्यांनी हिवाळा काढला का? तळ्यावरचा बर्फ अजून माणूस पेलतो का, आणि पेलत नसला तरी तुम्ही त्यावर मासे धरायला जाताच का? आईला मी कळवलंय की सगळं छान चाललंय आणि जूनमध्ये यानिपाएव सणाच्या शेकोटीला मी घरी असेन. तुम्हाला खरं कळवते, कारण मला इथे धाडलंत तुम्ही.

विद्यार्थी असताना सुट्टीत शेतावर राबलो, तिथेच तुझी मामी भेटली, त्याहून चांगली सुट्टी झाली नाही, असं तुम्ही दर नाताळात सांगता. (मामी हे ऐकताना काही बोलत नाही. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.) निघताना तुम्ही मला बजावलंत: काम नीट कर, उगाच बोलू नकोस, शनिवारचा सौना, वाफेची आंघोळ, चुकवू नकोस, मग कुणी तुझं वाकडं करणार नाही. आणि मला न सांगता माझ्या बॅगेत, राईच्या पावाखाली, सौन्यासाठी बर्चच्या डहाळ्यांच्या दोन जुड्या कोंबल्यात.

विमानतळावर एक कुत्रा माझ्या बॅगेजवळ येऊन बसला. उठेना. हातमोजे घातलेल्या बाईने तुमच्या जुड्या मेलेल्या उंदरासारख्या उचलल्या. हे काय? म्हटलं, याने आम्ही अंगावर मारून घेतो. कोण मारतं? मीच. कधी आई. कधी शेजारीण. अंगावर कपडे? नसतात. बाईने दुसऱ्या बाईला बोलावलं. तिने खालच्या आवाजात विचारलं, "बाळा, घरी सगळं ठीक आहे ना?" जुड्या पिंपात गेल्या. पाव परत मिळाला, बहुधा वीट समजून.

या प्रकाराला इथलं सरकार काम करत घेतलेली सुट्टी म्हणतं. काम सापडलं. सुट्टी शोधते आहे. पीचची बाग आहे. पीचला बारीक लव असते, ती मानेत, कोपरांत, डोळ्यांत शिरते आणि अंगाची आग होते. आम्ही राहतो त्या डब्याला (खाली चाकं आहेत म्हणून त्याला गाडी म्हणायचं) पंखा नाही. नळाला करंगळीएवढी धार. मालक ट्रेव्हर. अर्धी चड्डी, लाल मान आणि कशालाही एकच उत्तर: "टेन्शन नको, पुढच्या आठवड्यात." पंखा पुढच्या आठवड्यात. गाद्या पुढच्या आठवड्यात. शिडीची मधली पायरी कुजली आहे, ती पुढच्या आठवड्यात. तिच्यावरून यी-तिंग पडली. ही तैवानची, माझ्याच डब्यातली. मनगट सुजून वांग्यासारखं झालं. ट्रेव्हरने तिला शेकायला गोठवलेल्या मटारांची पिशवी दिली आणि संध्याकाळी ती परत मागितली. भाजीत घालायची होती.

मी गप्प राहिले. तुमची शिकवण. आपल्याकडे माणूस गप्प झाला की समोरचा हादरतो. आई बोलायची थांबली की बाबा न सांगता छपराची गळती काढायला चढतात. मी ट्रेव्हरसमोर पूर्ण ताकदीने गप्प राहिले. त्या शिडीशेजारी उभी राहून, त्याच्या डोळ्यांत बघत गप्प राहिले. त्याने सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली. "ही बघा एस्टोनियाची पोरगी! एक तक्रार नाही!" मामा, मी जन्मात इतक्या मोठ्याने ओरडले नव्हते, आणि त्याला ऐकूच गेलं नाही.

राहिला सौना. शनिवारी मी बागेमागच्या रिकाम्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या पिंपाची चूल केली, वर दगड रचले (फुटणारे नाहीत, पारखून घेतले होते) आणि निलगिरीच्या डहाळ्यांच्या जुड्या बांधल्या. यी-तिंग म्हणाली, "ताई, बाहेर माणसं भाजून निघताहेत. आत आणखी कशाला तापवायचं?" म्हटलं, बाहेरचा उकाडा ट्रेव्हरचा, आतला आपला. तिला पटलं. फाटकावर लाल पाटी होती: आज आग पेटवण्यास सक्त मनाई. मी ती वाचली होती. पण सौन्याला आपल्यात कुणी आग म्हणतं का? आग म्हणजे शेकोटी, आग म्हणजे वणवा. सौना म्हणजे आंघोळ.

इथल्या अग्निशमन दलात गावचे शेतकरीच असतात. धूर दिसला, भोंगा वाजला, बंब आले. त्यांनी दार तोडलं (नुसतं ओढलं असतं तरी उघडलं असतं). आत वाफेत टॉवेल गुंडाळलेल्या दोन पोरी एकमेकींना झोडपताहेत. पाइप धरून सगळ्यांत पुढे ट्रेव्हर. मागे दलाची कॅप्टन डोरीन, म्हणजे ट्रेव्हरची सासू.

"अक्कल गहाण टाकलीस का गं? सगळा मुलूख पेटला असता!" डोरीन कडाडली. खरंच पेटला असता. मी माफी मागितली, अजून मागते आहे.

ट्रेव्हर म्हणाला, "काय झालं हिला कळत नाही, सासूबाई. इतकी गुणी पोर. कधी तोंड उघडत नाही."

तेव्हा उघडलं. टॉवेल एका हाताने धरून उघडलं. शिडी, पंखा, गाद्या, नळ, सगळं. मटारांच्या पिशवीपर्यंत आले तोवर पाइप बंद झाला होता आणि लोक हेल्मेट काढून ऐकत होते. डोरीनने यी-तिंगचं मनगट हातात घेऊन पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. एक शब्द बोलली नाही. मामा, ती अगदी आपल्यासारखी गप्प बसली. आणि ट्रेव्हरला ते स्वच्छ ऐकू गेलं.

सकाळी नव्या शिड्या आल्या. पंखे आले. यी-तिंगला डोरीनने स्वतः डॉक्टरकडे नेलं. हाडाला चीर पडली आहे. म्हणजे मी गप्प होते तितके दिवस ती चिरलेल्या हाडाने पीच तोडत होती. माझा खरा राग त्यावर आहे, आणि तो सगळा ट्रेव्हरवर काढता येत नाही. तुमची शिकवण तुम्हाला साभार परत.

तुमची,
मारित

ता. क. डोरीन म्हणते, इथेही जुलैमध्ये, ऐन हिवाळ्यात, दंव पडतं. बंब उभे राहतात त्या अंगणात, तिच्या नजरेसमोर, दलासाठी सौना बांधून हवा आहे. चुलीचं माप कळवा. चित्र काढून पाठवा. जुड्या पाठवू नका.

ता. क. २. शेतावर काम केल्याची मालकाने सही दिली की इथे आणखी एक वर्ष राहता येतं. ट्रेव्हरने दिली. मान खाली घालून, गुपचूप. मी राहते आहे.

ता. क. ३. हे आईला तुम्ही सांगायचं. ती काही बोलणार नाही. उठून बटाटे सोलायला लागेल, खाणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. तेव्हा तुम्हीही गप्प बसू नका, मामा. एकदा तरी बोला.