आपली सुल

लिंकनशर, जानेवारी १८८७

तीर्थरूप बाबांना लांबून जेथ्रोचा नमस्कार.

मी बरा आहे. बुटात थोडं पाणी येतं, पण जेवण भरपूर. तुमचा खोकला कसा आहे? वरचं शेत एकटे नांगरू नका.

इथं मी नांगराला आपल्या पश्चिमेकडल्यासारखं 'सुल' म्हणालो, तर पोरांनी माझं नावच 'सुल्या' पाडलं. नांगर कोणी हाती देईना, नुसतं शेण वाहायला लावलं. वैतागून मी इथलं काम सोडून कॅनडाच्या बोटीवर चढणारच होतो. मग इथल्या पाद्रीबाबांनी सगळ्यांना सांगितलं, की नांगरासाठीचा यांचा 'प्लाउ' शब्द उत्तरेच्या दर्यावर्दी लोकांबरोबर आला असावा. त्याआधी सगळं इंग्लंड सुलच म्हणायचं. मुकादम टॉलर म्हणाला, "म्हणजे सुल्या आमचा आजोबा की रे!"

नाताळानंतर एका सोमवारी इथली पोरं नांगर ओढत दारोदार मागायला जातात. जो काही देत नाही, त्याचं अंगण नांगरायची रीत. यंदा आमच्या मालकांनीच दार उघडलं नाही. टॉलर ओरडला, "आजोबा, धरा तुमची सुल!" पोरांनी दोर ओढला आणि तुम्ही शिकवलं तशी लांब नजर ठेवून मी दारापुढं नांगराचं तास काढलं.

सकाळी मालकांनी विचारलं, "हे कोणाचं काम?"

"माझं," म्हणालो. वाटलं, गेली नोकरी.

ते तासाच्या टोकाशी वाकून बघत राहिले. "सरळ आहे. आता बुजव ते. आणि वसंतात नांगराची करड्या घोड्यांची जोडी तू हाक."

तेव्हा कॅनडा तूर्त राहू दे. आईला सांगा, आपली सुल इथंही चालणार.

तुमचाच,
जेथ्रो