पिवळ्या चिठ्ठ्या

धुळे
मंगळवार, २१ जानेवारी २०२५

चि. ऋतिका,

आशीर्वाद. इकडे सगळं बरं आहे. सकाळीच एकवीरेला जाऊन आले. चुडामणमामा उद्या जळगावला येतोय, त्याच्या हाती कळण्याचं पीठ देते. पिशवी परत पाठव, चांगली आहे.

तुझा संशोधनाचा लेख शुक्रवारी छापायला जाणार असं मामा म्हणाला. बरं वाटलं. तरी चार दिवस पोथीत लक्ष नाही, एकच अध्याय दोनदा वाचते. फोन केला की तू "आई, पटकन बोल" म्हणतेस आणि मी भाजीचं विचारून ठेवून देते.

तू हसत सांगितलंस ना, तुझ्या गाईडसरांनी विचारलं मुलांचं दोन गटांत वाटप कसं केलं, आणि तू म्हणालीस, "चिठ्ठ्यांचा डबा माझ्या आईच्या हातात होता, शंकाच नको." तेव्हापासून असं चाललंय.

मामाच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तुझ्या प्रयोगाच्या दिवशी चोवीस मुलं आली. पांढरी चिठ्ठी निघाली तर प्रोग्रॅममधल्या चुका जुन्या रीतीने शोधायच्या. पिवळी निघाली तर आधी तासभर तुझी नवी रीत शिकायची, मग शोधायच्या. "आई, नुसता डबा हलव. ज्याची जी निघेल ती," एवढं सांगून तू आत गेलीस.

पिंपळनेरच्या सहा मुली पहाटे निघालेल्या, उपाशी. त्यांतल्या चौघींना पिवळी निघाली. रोशनी म्हणाली, "मावशी, साडेचारनी गाडी चुकनी ते घर कसं जावानं?" मी त्यांच्या चिठ्ठ्या इथल्या चार मुलांशी बदलल्या. ती घरून जेवून आलेली. मला वाटलं, बारा पिवळ्या, बारा पांढऱ्या, बेरीज तर तीच राहते.

सरांनी का विचारलं ते आता कळतंय. दमलेल्या सहाही जणी पांढऱ्यात गेल्या. मग चुका जास्त सापडल्या त्या तुझ्या रीतीने की भरल्या पोटाने, हे कुणी सांगावं?

लेख थांबव. माझ्यावर रागव, पण थांबव.

आयुष्यात पहिल्यांदा वहीचं पान फाडलंय, त्या दिवशी नावं टिपलेलं, ते सोबत आहे. आठही नावं त्यात आहेत, कुणाला काय निघाली आणि मी काय दिली. पुन्हा करशील तेव्हा डबा दुसऱ्या कुणाला दे. जेवण मी आणेन, चोवीसही जणांना सारखं.

हे पत्र सरांना दाखवावं लागेल, म्हणून खाली 'तुझी आई' लिहीत नाही.

हेमलता पितांबर पाटील