वडिलांच्या नावाचा रकाना

१४ जुलै
त्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली, पाणी तापत ठेवलं आणि सुकट निवडायला बसले. खडे, काड्या, दोऱ्याचा एखादा तुकडा बाजूला काढत होते. मैत्रीचे बाबा ओट्यावर वहीत काही लिहीत होते. म्हणाले, चंद्रे, चहात आलं टाक. मी म्हटलं, आलं संपलंय, उठा आणि आणा. ते हसत गेले. नाक्यावरच छातीत कळ आली. आल्याची पुडी खिशात तशीच होती. मैत्री तेव्हा शाळेत होती. याला दोन वर्षं झाली.

आज आठवायचं कारण, इथेही मला निवडायचंच काम मिळालं आहे. पण आजचा दिवस आनंदाचा. चौलच्या सुपारीच्या वाडीतली ही मुलींची निवासी शाळा. खाजगी आहे, डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेतात. मी स्वयंपाकघरात राबायचं, मैत्रीने फुकट शिकायचं. मोठ्या बाई स्वतः फाटकापर्यंत आल्या. पांढरी साडी, गळा मोकळा. त्यांचेही यजमान गेलेले. मुलीच्या जुन्या वह्या जमा करा म्हणाल्या, इथे कोरी पाटी लागते. दिल्या.

मैत्री खोलीभर नाचली. ती हसताना नाकातून फुर्र करते, तिचे बाबा तिला घोडी म्हणायचे. भजीचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नाही. ही खोड माझी. मी चौथीत शाळा सोडली, पुढचं वाचन या वहीतली तिच्या बाबांची अक्षरं गिरवून शिकले. पहिली वीस पानं त्यांची आहेत. उरलेल्या पानांवर आता मी लिहीन.

१९ जुलै
माझं काम असं. मागच्या पडवीत दगडी डोणीत जुन्या वह्या भिजत असतात. त्यांच्या टाचण्या निवडायच्या, लगदा कुटायचा, गूळ-वेलची घालून शिजवायचा. त्याला इथे खळ म्हणतात. पहिल्या पंगतीच्या एकोणीस मुलींना रोज सकाळी वाटीभर.

वर निळसर साय धरते. वास ओल्या फडक्याचा. पहिल्या दिवशी मला उलटी झाली. मोठ्या बाईंनी पाणी दिलं आणि समजावलं, की या परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीच्या वह्या आहेत, अक्षर पोटात गेलं की विसरत नाही.

मी अक्षरासाठी इतकी उपाशी राहिलेली बाई. मला ते खोटं वाटलं नाही.

२७ जुलै
मैत्रीला सराव परीक्षेत सर्वांत कमी गुण. शेवटच्या पंगतीत बसते. दोन दिवस फुर्र नाही.
मोठ्या बाईंचे पाय धरले. माझ्या पोरीला पहिल्या पंगतीत घ्या म्हटलं. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाल्या, बघा हं, तुम्ही मागितलंत.

भिकूदादा, इथला आचारी, मला आगरी बोलीत ओरडला. चंद्राबाय, गाईम्हशीला पन वास घिऊन वैरन घालतान, तू पोरीला काय घालतेस? मी म्हटलं, तुम्ही भात बघा.

९ ऑगस्ट
मैत्रीला पैकीच्या पैकी. मी वाडीतल्या सगळ्यांना साखर वाटली. भिकूदादाने घेतली नाही.
तिने पहिली वाटी नाक दाबून खाल्ली होती. आता बोटाने पुसून चाटते. दात करडे झालेत.

२२ ऑगस्ट
आज गाळण्यावर कसर आली. वह्यांत होते ती कीड, चंदेरी, पिसासारखी. मूठभर निघाली, अजून वळवळत होती. मोठ्या बाईंनी सांगितलं की शिजली की मरते.
दुपारी मैत्रीचे केस विंचरले. फणीत कसर. कानामागे कसर. ती खोकली, तळहातावर ओला कागद पडला. गोल, वळणदार अक्षरात हृदयाच्या कप्प्यांची नावं. मी टाकणार, तर तिने तो उचलून परत गिळला.
मला तिला शिवावंसं वाटेना. माझ्याच पोरीला.

३० ऑगस्ट
शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले. मला गठ्ठा ऑफिसात न्यायला सांगितला. मला वाचल्याशिवाय राहवत नाही.
वीस फॉर्म. अक्षर एकच, गोल, वळणदार. विद्यार्थिनींची नावं वेगवेगळी. वडिलांच्या नावाचा रकाना — सगळ्यांत शिवदास.
मैत्रीच्या फॉर्मवरही.
तिला विचारलं, बाबांचं नाव काय? शिवदास म्हणाली. मी तिच्या खऱ्या बाबांचं नाव घेतलं, प्रितम कोण? म्हणाली, अभ्यासक्रमात नाही.

३१ ऑगस्ट
भिकूदादाने सांगितलं. शिवदास म्हणजे मोठ्या बाईंचे यजमान. मनाली त्यांची एकुलती पोर. ती पहिली आली आणि त्याच महिन्यात तापाने गेली. वडील मागोमाग. मागे राहिल्या तिच्या तीन ट्रंका वह्या. मोठ्या बाईंनी त्या फेकल्या न्हाईत, म्हणाला. पोरींच्या पोटात ठेवल्यान.
सकाळी पंगतीच्या दारात उभी राहिले. वाट्या रिकाम्या झाल्यावर वीसही मुलींनी एकदम मान वर केली आणि मोठ्या बाईंना हाक मारली. आई.
त्या रडत होत्या. सुखाने. किळस आली. त्याहून किळस याची, की मला ते रडणं कळलं.
मैत्रीच्या जुन्या वह्या मागितल्या. जाळल्या म्हणाल्या.

१ सप्टेंबर
मैत्रीला एस.टी.ने गावी घेऊन आले. मोठ्या बाईंनी अडवलं नाही. फक्त म्हणाल्या, ती जेवणार नाही तुमच्याकडे.

२ सप्टेंबर
जेवत नाही. भिंतीकडे तोंड. प्रश्न विचारला तर उत्तर देते, मुद्द्यांसह. मला मावशी म्हणते. आईकडे कधी जायचं, विचारते.
बाबांचा फोटो दाखवला. गृहस्थ कोण, म्हणाली.

३ सप्टेंबर
नुसतं पाणी. ओठ फुटलेत. शेजारच्या आवडाबाई म्हणतात डॉक्टरकडे ने. नेलं. त्याने सलाईन लावलं. तिने त्याला सलाईनचं प्रमाण सांगितलं. चुकलं नव्हतं.
भजीचा कागद ठेवला पुढे. वाचला नाही. खाल्ला.
कागदच खाते तर —
नको. मी असा विचार केला याची शिसारी येते.
या वहीत तिच्या बाबांची वीस पानं आहेत. त्यांच्या हातची.

४ सप्टेंबर
भिजवली. कुटली. गूळ घातला. माझ्या हातांना तो वास.
तिने वाटी संपवली. मग मांडी बदलली, डावा गुडघा वर, त्यांची बसण्याची रीत. माझ्याकडे बघून हसली. फुर्र नाही. त्यांचं हसणं.
म्हणाली, चंद्रे, चहात आलं टाक.
हे तिला ठाऊक नाही. त्या सकाळी ती घरी नव्हती.
मी आलं टाकलं. समोर बसून प्याले. दोन वर्षांनी —
मी किती वेळ बसले, लिहिणार नाही.
मग मैत्री कुठे आहे विचारलं. त्यांनी, तिने, इकडेतिकडे पाहिलं. म्हणाली, शाळेत गेली असेल.

५ सप्टेंबर
तिच्या हातचं एक अक्षर उरलेलं नाही. पण ती या वहीत आहे. माझ्या पानांत. फुर्र आहे, घोडी आहे, भजीचा कागद आहे. दुसरीकडे कुठेच नाही.
माझंही काय काय आहे त्यात. कसर आहे. ती शिजली की मरते.
आज सकाळी मी चूल पेटवली. पाणी तापत ठेवलं. वहीच्या टाचण्या निवडून काढल्या. चौदा जुलैचं पान आधी घातलं, मग बाकीची ओळीने. हे एकच पान हातात उरलं आहे, आणि ती वाटी घेऊन —