विहिरीचा दोर

मार्था,

मी खंडूदादाकडे चाललोय. मैनावहिनी पहाटे गेली. वहाळाचं पाणी पिऊन तिला पटकी झाली होती.

बुधवारी ती कळशी घेऊन आपल्याकडे आली, तेव्हा विहिरीचा दोर मीच काढून घरात आणून ठेवला. आधी प्रार्थनेला ये, मग पाणी भर, असं तिला सांगितलं. गावच्या विहिरीवर आपल्याला चढू देत नव्हते म्हणून ही खणली, तेही विसरलो. प्रभूही क्रूसावर ‘मला तहान लागली आहे’ म्हणाला होता, हे आज आठवून काय उपयोग?

दोर रहाटाला बांधलाय. तो सोडू नकोस आणि येणाऱ्याला काही विचारू नकोस.

वहिनीच्या शेवटच्या आंघोळीला कावडीने दोन हंडे पाणी नेतोय. दादाने ओतून टाकलं, तर पुन्हा भरायला येईन.

दानीएल