कापलेला तुकडा

अण्णा, काल तो पिक्चर मला मोबाईलवर सापडला. जत्रेच्या तंबूत तुम्ही चालवलेला, तोच. त्यात लेकरू तापानं जातं आणि त्याची आई झबलं छातीशी धरून रडते. लई वेळ रडते. आम्हाला तुम्ही दाखवलात तेव्हा हे त्यात नव्हतं.

माझा धाकटा भाऊ गेला त्याच सालची गोष्ट. आई त्याच्या उशाशी जागून जागून थकली होती. पहाटे तिचा डोळा लागला, आणि तेवढ्यात तो गेला. तुम्ही तिला बजावलंत, "रडून लेकरू माघारी येत न्हाय. घरात रडायचं न्हाय." तिनं ऐकलं. मग नळदुर्गच्या जत्रेत तंबू लागला, आणि शेजारची काकू पिक्चर बघून येऊन म्हणाली, "बघून ये गं, त्या माउलीचं रडणं बघवत न्हाय." आई मला घेऊन त्यासाठीच निघाली. तंबूत बायकांच्या बाजूला अंधारात कोण रडतंय, कुणी विचारत न्हाय. मला दिसतंय, ती पदर हातात घेऊनच बसलीय. खाटेवर लेकरू कण्हतंय, पडद्यावरचं चित्र जरा उडतं आणि एकदम बैलगाडीतलं गाणं सुरू होतं. तुटलेली फिल्म तुम्ही कापून चिकटवली की चित्र असंच उडायचं. आई कोरड्या डोळ्यांनी घरी आली. जेवताना तिनं भीत भीत विचारलं, "ते रडण्याचं मला दिसलंच न्हाय हो." तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "हाय की त्यात. तुझा डोळा लागला आसंल."

अण्णा, दुसरं काहीही म्हणायचं होतं. रीळ खराब होतं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी काकूची जाऊ तोच पिक्चर बघून, रडून डोळे सुजवून आली, म्हणजे तुकडा तुम्ही परत जोडलात. फक्त आईपुरता कापला होतात. तिला जपायचं होतं म्हणाल. असंल. पण मी जागी होते, तरी मी तुमचंच खरं धरलं, आणि आई अजून म्हणते, "मी कसली आई, दोन्ही बारीला झोपले." तुम्ही मेलात तेव्हा मी ऊर फुटेस्तोवर रडले होते. ते रडणं आता परत घ्यावंसं वाटतंय.

काल ठरवलं, तिला दाखवायचं आणि सांगायचं, तू झोपली नव्हतीस. तिला चष्मा लावून दिला, मोबाईल तिच्या हातात दिला. लेकरू खाटेवर आलं तशी तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली, "मला जागं ठेव हां, इथंच डोळा लागतो माझा."

मी मोबाईल बंद केला. चार्जिंग संपलं म्हणाले. संपलं नव्हतं, अण्णा.