दुसरी कॉफी

प्रिय मिरेल्ला,

त्या सकाळी मी नेहमीसारखं साडेपाचला स्टेशनातल्या आपल्या कॉफी-बारचं शटर वर केलं, कॉफीचं यंत्र तापत ठेवलं, काउंटर पुसलं, बेकरीवाल्याने दाराशी ठेवलेली गोड पावांची टोपली आत घेतली. तू दातात केसांचा आकडा धरून गल्ल्यावर बसलीस आणि म्हणालीस, "इर्मा, आज धुकं इतकं आहे की माझा नवरासुद्धा देखणा दिसेल." मग मिलानोला कामावर जाणाऱ्यांची रांग लागली. त्यांनी पैसे भरून तुझ्याकडून चिठ्ठी घ्यायची, माझ्यापुढे ठेवायची, मी ती जराशी फाडायची आणि कप सरकवायचा. बावीस वर्षं आपण दोघींनी हेच केलं.

सहा चाळीसच्या सुमारास तुझा नेल्लो आला. तो आणि माझा ओरेस्ते यार्डात डबे जोडायचे. एकाने दोन डब्यांच्या मध्ये वाकून शिरायचं, दुसऱ्याने इंजिनवाल्याला दिसेल असा हात वर धरून उभं राहायचं. हात खाली येईपर्यंत इंजिन हलायचं नाही. कॉफीला मात्र ते आळीपाळीने यायचे आणि पाच मिनिटांत परत जायचे. नियमात ते बसत नव्हतं, पण सगळ्या स्टेशनाला माहीत होतं. त्या दिवशी पाळी नेल्लोची होती. थंडीने त्याची बोटं वळत नव्हती. मीच म्हटलं, "दुसरी घे, ग्राप्पाचा थेंब टाकून देते." तो म्हणाला, "तुझा नवरा शिव्या घालेल." मी म्हटलं, "मला घाल म्हणावं." ग्राप्पा घातलेल्या कॉफीला आपल्याकडे कुणी दारू म्हणत नाही. मी ओतत होते तेव्हा सहा अठ्ठेचाळीसच्या मिलानो गाडीची घोषणा चालू होती. हे पक्कं आठवतं, कारण त्या घोषणेबरोबर गर्दी पळते आणि मला कप विसळायला उसंत मिळते.

साडेसातला मला सांगायला आले, ओरेस्ते दोन डब्यांमध्ये चिरडून गेला म्हणून. पुढे सगळं तूच केलंस. मला आंघोळ घातलीस, समोर बसून भरवलंस, दर रविवारी भोपळ्याचे तोर्तेल्ली घेऊन आलीस. चौकशीचा कागद आला तेव्हा मी तिसरीतून शाळा सोडलेली बाई, दुकानांच्या पाट्यांपलीकडे काही न वाचणारी. माझ्या स्वयंपाकघरात चष्मा लावून तूच तो वाचून दाखवलास. तू वाचलंस: अपघात सव्वासातला झाला, नेल्लो जागेवर होता, थांब थांब ओरडत होता, ओरेस्तेने ऐकलं नाही. तू बोट ठेवलंस तिथे मी सही केली. मिरेल्ला, चार वर्षं मी थडग्यापाशी फुलं घेऊन जाते आणि त्याच्यावर रागावून परत येते. एवढी कसली घाई होती तुला, म्हणून.

वाचायला मी नंतर शिकले, एकटीने. लोक गाडीत विसरून गेलेली पुस्तकं डबे झाडणाऱ्या बायका मला आणून देत. तू चिडवायचीस, "प्रोफेसरीणबाई, डोळे जातील." मला ती थट्टा वाटायची. गेल्या रविवारी तू जेवून गेल्यावर घरात न वाचलेलं पुस्तक उरलं नव्हतं, म्हणून कपाटातून तो कागद काढला. त्यात अपघात सहा पन्नासला झाला आहे. नेल्लो जागेवर होता, असं नेल्लोने सांगितलं आहे. आणि पुढे गल्ल्यावरच्या बाईचा जबाब: त्या सकाळी तो कॉफीला आलाच नाही. तुझी सही. सगळ्यात शेवटी माझी.

ओरेस्ते एकटा आत शिरला हे खरं. वरून कुणीतरी घाई लावली असेल. पण तो एकटा का होता, हे कुणी लिहिलं नाही. तुझ्या नवऱ्याला मी थांबवलं, तो दोष माझ्याकडे. त्याची नोकरी जाईल, त्याला आत टाकतील म्हणून तू घाबरलीस, तेही मला कळतं. तू येऊन खरं सांगितलं असतंस तर कदाचित मीच म्हटलं असतं, जाऊ दे, दुसरा संसार कशाला मोडायचा. तेवढी ओळखायला हवी होतीस तू मला. त्याऐवजी माझ्याच टेबलाशी, माझा हात हातात घेऊन, तू मला माझ्या नवऱ्याचं मरण खोटं वाचून दाखवलंस.

हे पत्र एवढ्यासाठी की आता तुम्हा दोघांना बोलावणं येईल आणि ते दारात उभ्या शिपायाकडून पहिल्यांदा कळू नये. सोमवारी मी कामाला आले नाही. पाठ धरली आहे असा निरोप तुला मिळाला, आणि तू दुपारी माझ्या दाराशी सूप ठेवून गेलीस. मी घरात नव्हते. मी कोर्टात गेले होते. सहा अठ्ठेचाळीसला नेल्लो माझ्या काउंटरशी उभा होता आणि ग्राप्पा मी ओतली, असं मी लिहून दिलं.

बावीस वर्षं 'तुझीच' होते, आज नुसतीच,
इर्मा